जीन्सची मापे व शरीराची ठेवण

जीन्सची मापे म्हणजे जीन्स या पॅन्टच्या निरनिराळ्या भागांची लांबी व घेर दर्शवणारे आकडे होत. ही मापे परिधान करणाऱ्याच्या शरीराशी जुळली, तर जीन्स चालताना, बसताना व वाकताना काचत नाही आणि कंबरेवरून घसरतही नाही. जीन्सच्या चिठ्ठीवर बहुधा कंबर आणि लांबी अशी दोनच मापे छापलेली असतात. जीन्स अंगाला सुखकर होईल की नाही हे मात्र सीट, मांडी, आसन, गुडघा व पायाचा खालचा घेर यांवर आणि कापडाच्या ताणावरही अवलंबून असते. त्यामुळे समान कंबर असलेल्या दोन व्यक्तींना एकच जीन्स सारखी बसत नाही, तसेच एकच अंक छापलेल्या दोन जीन्स एकाच व्यक्तीला वेगवेगळ्या बसू शकतात.

## पार्श्वभूमी

अमेरिकेतील नेव्हाडा राज्यातील रीनो या गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. पॅन्टच्या खिशांचे कोपरे फाटू नयेत म्हणून त्याने तेथे तांब्याचे रिव्हेट ठोकण्याची युक्ती काढली. सॅन फ्रान्सिस्को येथील कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांच्यासह त्याने २० मे १८७३ रोजी या युक्तीचे पेटंट मिळवले. जीन्सचा आरंभ याच दिवसापासून मानला जातो. त्या काळी या पॅन्टला ‘वेस्ट ओव्हरऑल’ असे म्हणत. खाणकामगार, गुराखी व रेल्वेवरील मजूर ती वापरत असत. कामाचा पोशाख असल्यामुळे ती अंगाला चोपून बसावी, अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. ती ढगळ असे. कंबरेला खांद्यांवरून जाणारे पट्टे लावण्यासाठी बटणे असत आणि पाठीमागे बक्कल असलेली एक छोटी पट्टी असे. ही पट्टी आवळून प्रत्येक जण कंबरेचे माप आपल्यापुरते जुळवून घेई.

लेव्ही स्ट्रॉस कंपनीच्या जीन्सला कमरपट्टा ओवण्याचे लूप १९२२ मध्ये आले. याच कंपनीने १९३४ मध्ये खास स्त्रियांसाठी बेतलेली जीन्स बाजारात आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पॅन्ट तरुणांचा नित्याचा पोशाख झाली आणि १९६० च्या सुमारास ‘जीन्स’ हे नाव उत्पादकांनीही स्वीकारले. ढगळ पॅन्टची जागा हळूहळू अंगाबरोबर बसणाऱ्या पॅन्टने घेतली. पट्टी आवळून माप जुळवण्याची सोय गेली आणि नेमके माप निवडण्याची जबाबदारी ग्राहकावर आली. जीन्सच्या मापांविषयीच्या बहुतेक अडचणी या बदलातून उद्भवलेल्या आहेत.

## मापपद्धती

पुरुषांच्या जीन्सवर सामान्यतः दोन अंक असतात. ‘३२ व ३४’ असे लिहिलेले असल्यास पहिला अंक कंबरेचा घेर आणि दुसरा अंक पायाची आतील लांबी दर्शवतो. दोन्ही मापे इंचांत असतात. स्त्रियांच्या जीन्ससाठी काही उत्पादक हीच पद्धत वापरतात. इतर काही उत्पादक ६, ८, १०, १२ असे अंक देतात. हे अंक कोणत्याही अवयवाचे माप नसतात, ती केवळ क्रमसंख्या असते. म्हणूनच ब्रिटनमधील १२ आणि अमेरिकेतील १२ यांचा घेर एक नसतो.

स्त्रियांच्या तयार कपड्यांची मापे निश्चित करण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९–४० मध्ये केला. रूथ ओब्रायन व विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेण्यात आली आणि १९४१ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. या पाहणीत श्वेतवर्णीय नसलेल्या स्त्रियांचीही मापे घेतली गेली होती, तथापि अंतिम आकडेवारीत ती धरण्यात आली नाहीत. पुढे या माहितीच्या आधारे १९५८ मध्ये अमेरिकेत स्त्रियांच्या कपड्यांसाठी व्यापारी मानक जाहीर झाले. ते पाळणे उत्पादकांवर बंधनकारक नव्हते. १९७० मध्ये त्यात सुधारणा झाली आणि १९८३ मध्ये ते मागे घेण्यात आले. त्यानंतर प्रत्येक उत्पादक आपापली मापे ठरवू लागला. तयार कपड्यांच्या मापांना ‘प्रमाण’ म्हटले जात असले, तरी ती सर्व मानवी देहांची सरासरी नाहीत, हे या इतिहासावरून ध्यानात येते.

मापांतील गोंधळाचे आणखी एक कारण म्हणजे चिठ्ठीवरील अंक प्रत्यक्षाहून लहान छापण्याची प्रथा. ३४ इंच घेराच्या पॅन्टवर ३२ चा अंक असला, तर ग्राहकास आपण सडपातळ आहोत असे वाटते व तो संतुष्ट होतो, असा यामागील व्यापारी विचार असतो. याशिवाय कंबरपट्टी पोटावर ज्या उंचीवर बसते त्यानुसारही घेर बदलतो. बेंबीपाशी बसणाऱ्या पॅन्टचा घेर आणि नितंबांच्या हाडांवर बसणाऱ्या पॅन्टचा घेर यांत अनेक व्यक्तींच्या बाबतीत दोन-तीन इंचांचा फरक पडतो. तरीही चिठ्ठीवर दोन्हींसाठी ‘कंबर’ हाच शब्द व तोच अंक असू शकतो.

युरोपात ‘ईएन १३४०२’ या मानकानुसार चिठ्ठीवर मानवी आकृती काढून तिच्यावर शरीराची मापे सेंटिमीटरमध्ये देण्याची पद्धत सुचवलेली आहे. या पद्धतीत कपड्याचे नव्हे, तर ज्या शरीरासाठी कपडा बेतला आहे त्या शरीराचे माप सांगितले जाते.

## बेताचे घटक

कापड सपाट असते आणि शरीर वळणदार. सपाट कापडाचे तुकडे कापून व जोडून त्यांना शरीराची वळणे देणे, यालाच बेतणे म्हणतात. जीन्सच्या बेतात पुढील भाग महत्त्वाचे असतात.

कंबर : कंबरपट्टीचा घेर. ही पट्टी सरळ किंवा वक्र कापलेली असते. वक्र पट्टी वरच्या कडेला आखूड व खालच्या कडेला लांब असल्यामुळे कंबरेच्या उताराशी चांगली जुळते.

सीट : नितंबांच्या सर्वांत भरलेल्या भागाचा घेर. कंबर व सीट यांतील फरक हा जीन्स निवडताना पाहावयाचा सर्वांत उपयुक्त आकडा होय. कंबर ३२ इंच व सीट ३८ इंच असलेल्या व्यक्तीत हा फरक ६ इंचांचा असतो. तीच कंबर आणि ४२ इंच सीट असल्यास तो १० इंचांचा होतो. चिठ्ठीवरील अंक दोघांसाठी एकच असला, तरी दोघांना लागणारा बेत भिन्न असतो.

आसन : दोन्ही पायांचे कापड जेथे एकत्र शिवले जाते, त्या जोडापासून कंबरपट्टीपर्यंतचे अंतर. दुकानांत हेच माप ‘राइज’ या नावाने सांगितले जाते. पुढचे आसन आखूड व मागचे लांब असते, कारण बसताना मागील बाजूस अधिक कापड लागते. मागचे आसन अपुरे पडल्यास बसताना कंबरपट्टी खाली ओढली जाते. पुढचे आसन अपुरे पडल्यास जांघेत काचते.

मांडी व गुडघा : मांडीचा घेर जोडाच्या सुमारे एक इंच खाली मोजतात. गुडघा वाकवताना कापड ताणले जात असल्याने तेथे थोडा सैलपणा आवश्यक असतो.

पायाचा खालचा घेर : यास शिंपी ‘बॉटम’ म्हणतात. तो लहान असल्यास जीन्स चुडीदार सलवारीसारखी दिसते, सरळ असल्यास ती गुडघ्यापासून तळापर्यंत एकाच रुंदीची असते आणि गुडघ्याखाली वाढत गेल्यास तिला ‘बेल बॉटम’ किंवा ‘बूटकट’ म्हणतात.

योक : मागील बाजूस कंबरपट्टीखाली जोडलेला, मध्यभागी रुंद व बाजूंकडे निमुळता होत जाणारा कापडाचा तुकडा. कंबर बारीक व सीट मोठी असल्यास इतर पॅन्टमध्ये चिमटीत धरून टक्स घालतात. जीन्समध्ये तेच काम योक करतो. योकचा कोन जितका खोल, तितकी पाठीमागच्या वळणाला अधिक जागा मिळते.

## एकाच बेताची वाढवलेली मापे

कारखान्यात प्रत्येक मापासाठी स्वतंत्र बेत तयार केला जात नाही. आरंभी एका मध्यम मापाचा बेत केला जातो. तो एका ठरावीक शरीराच्या व्यक्तीवर तपासला जातो आणि मग प्रत्येक भाग ठरावीक अंतराने वाढवून किंवा कमी करून बाकीची मापे काढली जातात. यास ‘ग्रेडिंग’ म्हणतात.

समजा, एका उत्पादकाचा मूळ बेत २८ इंच कंबर व ३८ इंच सीट असा आहे आणि प्रत्येक पुढच्या मापास तो दोन्हीकडे एकेक इंच वाढवतो. तर त्याच्या ३२ क्रमांकाच्या जीन्सची सीट ४२ इंच होईल. आता २८ इंच कंबर व ४२ इंच सीट असलेल्या स्त्रीने हा बेत घालून पाहिल्यास २८ क्रमांक सीटवरून वर चढणार नाही. ३२ क्रमांक सीटवर नीट बसेल, पण कंबरेला ४ इंच सैल राहील. मधला कोणताही क्रमांक घेतला, तरी एकीकडे काचेल व दुसरीकडे फट पडेल. या उत्पादकाच्या एकाही मापात तिचे शरीर बसत नाही. याचे कारण तिच्या शरीरातील दोष नसून मूळ बेतात गृहीत धरलेले १० इंचांचे अंतर हे आहे. तिला मोठा किंवा लहान क्रमांक नको असतो, निराळा बेत हवा असतो.

ही अडचण ओळखून काही उत्पादकांनी एकाच कंबरेसाठी दोन-तीन बेत देण्यास सुरुवात केली. लेव्ही स्ट्रॉस कंपनीने २०१० मध्ये स्त्रियांसाठी अशी मालिका काढली. तीत कंबर व सीट यांमधील फरकानुसार एकाच अंकाचे निरनिराळे बेत ठेवले होते.

## कापडाचा परिणाम

जीन्सचे डेनिम हे कापड तिरक्या विणीचे असते. त्यात उभे धागे निळीत रंगवलेले व आडवे धागे पांढरे असतात. आडवा धागा सामान्यतः तीन उभ्या धाग्यांखालून व एका धाग्यावरून जातो. त्यामुळे कापडाची बाहेरची बाजू निळी व आतली फिकट दिसते. डेनिमचे वजन प्रति चौरस वार किती औंस, असे सांगतात. १० औंसांहून हलके डेनिम उन्हाळ्यात सुसह्य होते. १२ ते १४ औंसांचे डेनिम जाड व टिकाऊ असते, परंतु नवे असताना ते ताठर लागते.

पूर्णपणे सुती डेनिम धुतल्यावर आकसते. पूर्वप्रक्रिया न केलेले कापड सुमारे १० टक्क्यांपर्यंत आकसू शकते, म्हणजे ३४ इंच लांबीतून तीन इंचांहून अधिक लांबी जाऊ शकते. अमेरिकेतील सॅनफोर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमारास कापड यंत्रावर आधीच आकसवून घेण्याची रीत शोधली. त्यांच्या नावावरून तिला ‘सॅनफोरायझिंग’ म्हणतात. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जीन्सचे कापड अशा प्रक्रियेतून गेलेले असते. तरीही पहिल्या एक-दोन धुण्यांत लांबी थोडी कमी होते.

इलास्टेन हा ताणला जाणारा कृत्रिम धागा अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शायव्हर्स यांनी १९५८ मध्ये तयार केला. डेनिममध्ये तो सहसा १ ते ३ टक्के मिसळतात. तो आडव्या धाग्यांत असल्यामुळे कापड घेराच्या दिशेने ताणले जाते, लांबीच्या दिशेने मात्र फारसे ताणले जात नाही. यामुळे सीट व मांडी यांतील थोडी तफावत सांभाळली जाते, परंतु आखूड आसनाची उणीव ताणाने भरून निघत नाही. ताणलेले कापड मूळ मापावर परत येण्याचा गुणही तितकाच महत्त्वाचा असतो. तो कमी असल्यास दुपारपर्यंत गुडघ्यांवर फुगे येतात व सीट ढिली पडते. दुकानात जीन्स तपासताना कापड बोटांनी आडवे ताणून सोडावे. ते लगेच पूर्ववत झाले, तर हा गुण चांगला आहे असे समजावे. गरम पाणी व ड्रायरची उष्णता यांमुळे इलास्टेन लवकर निकामी होते. यास्तव अशी जीन्स उलटी करून गार पाण्यात धुणे व सावलीत वाळवणे योग्य ठरते.

## शरीराच्या ठेवणीनुसार निवड

बारीक कंबर, भरलेली सीट व मांड्या : जीन्स सीटच्या मापाने निवडावी व कंबर शिंप्याकडून कमी करून घ्यावी. वक्र कंबरपट्टी, खोल कोनाचा योक आणि मध्यम किंवा उंच आसन असलेला बेत या ठेवणीस सोयीचा असतो. नितंबांच्या हाडांवर बसणाऱ्या जीन्समध्ये पाठीमागे फट पडण्याचा त्रास अधिक होतो.

पोट पुढे आलेले, सीट सपाट : ही ठेवण प्रौढ पुरुषांत बरीच आढळते. पोटाच्या मापाने घेतलेली जीन्स सीटवर व मांड्यांवर ढगळ होते. पोटाखाली बांधल्यास पुढचे आसन जांघेत लोंबते आणि पाय आखूड होऊन टाचांवर कापड साचते. पोटावर नीट बसेल इतके उंच पुढचे आसन व सरळ पाय असलेला बेत घेतल्यास जीन्स जागेवर राहते.

सरळ ठेवण, म्हणजे कंबर व सीट यांत अल्प फरक : सरळ कंबरपट्टी व उथळ योक यांचा बेत चांगला बसतो. खोल वळणांच्या बेतात सीटखाली जादा कापडाच्या घड्या पडतात.

भरदार मांड्या : खो-खो, कबड्डी, कुस्ती, सायकल यांचे खेळाडू आणि अंगमेहनत करणारे लोक यांच्या मांड्यांचा घेर कंबरेच्या मानाने मोठा असतो. मांडीत ऐसपैस व गुडघ्याखाली किंचित निमुळता होत जाणारा बेत त्यांना मानवतो. मांड्या एकमेकींस घासत असल्यास आतील बाजूचे कापड आधी झिजते. अशा वेळी जाड, पूर्णपणे सुती डेनिम अधिक काळ टिकते.

उंची कमी किंवा जास्त असणे : कमी उंचीच्या व्यक्तीने केवळ पाय कापून घेतल्यास गुडघ्याचा निमुळता भाग पोटरीवर येतो व घडण बिघडते. आसनही तिच्या धडाच्या मानाने लांब पडते. उंच व्यक्तीच्या बाबतीत याच्या उलट घडते. पायाच्या लांबीबरोबर आसन व गुडघ्याची जागाही बदललेली असेल, असा बेत दोघांनाही आवश्यक असतो.

गरोदरपण : पोटावर कंबरपट्टीऐवजी विणलेले ताणते कापड लावलेली जीन्स या काळासाठी मिळते. नेहमीच्या जीन्सचे वरचे बटण उघडे ठेवून रबराने ती अडकवण्याची घरगुती युक्ती पहिल्या काही महिन्यांपुरतीच उपयोगी पडते.

चाकांची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्ती : दिवसभर बसून राहणाऱ्यांना मागचे आसन अधिक उंच व पुढचे आखूड लागते. मागील खिसे, रिव्हेट व जाड शिलाया अंगाखाली दाबल्या जाऊन जखमा होऊ शकतात, म्हणून या गोष्टी नसलेला बेत सुरक्षित ठरतो.

भारतीय घरांत जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवे बसण्याची रीत आजही आहे. खुर्चीवर बसण्याचा विचार करून बेतलेली जीन्स अशा वेळी जांघेत व गुडघ्यांत काचते, पाठीमागून कंबर उघडी पडते. जेवणाची पंगत, पूजा, भजन किंवा शेतातील काम यांसाठी जीन्स वापरावयाची असल्यास मागचे आसन लांब व मांडी सैल असणे गरजेचे असते.

## माप घेणे व बेत तपासणे

शरीराचे माप पातळ कपड्यांवरून, टेप न आवळता व उभे राहून घ्यावे. कंबरपट्टी जेथे बसावी असे वाटते तेथील घेर, सीटचा सर्वांत मोठा घेर, मांडीचा घेर आणि जांघेपासून घोट्यापर्यंतची लांबी, ही चार मापे पुरेशी होतात. बसल्यावर कंबरेचा घेर वाढतो, म्हणून तो बसूनही मोजावा.

घरात नीट बसणारी एखादी जुनी जीन्स असल्यास तीच सर्वांत विश्वसनीय मोजपट्टी होय. ती बटण लावून सपाट जागी पसरावी. कंबर व मांडी यांची रुंदी मोजून दुप्पट करावी. पुढचे व मागचे आसन, आतील लांबी व खालचा घेर टिपून घ्यावा. ऑनलाइन विक्रीच्या तक्त्यांत काही वेळा शरीराची, तर काही वेळा कपड्याची मापे दिलेली असतात. जुन्या जीन्सच्या मापांची तुलना कपड्याच्या मापांशीच करावी.

जीन्स घातल्यावर पडणाऱ्या सुरकुत्यांवरून चूक कोठे आहे हे कळते. जांघेपासून दोन्ही बाजूंस आडव्या ताणलेल्या रेषा दिसल्यास सीट किंवा मांडी घट्ट आहे. खिशांची तोंडे उघडी पडत असतील, तर सीटला जागा कमी आहे. मांडीवर उभ्या घड्या पडत असतील, तर तेथे कापड जादा आहे. पाठीमागे कंबरपट्टीत मूठ जात असेल, तर कंबर व सीट यांतील फरक त्या बेतात अपुरा धरलेला आहे. सीटखाली आडव्या घड्या लोंबत असतील, तर मागचे आसन गरजेपेक्षा लांब आहे.

आरशासमोर उभे राहून केलेली तपासणी अपुरी असते. खुर्चीवर बसून, उकिडवे बसून, पाय उचलून पायरी चढल्यासारखे करून आणि पुढे वाकून पाहावे. या हालचालींत कंबरपट्टी जागेवर राहिली, पोटावर तिचा वळ उमटला नाही आणि तिच्यात सहज दोन बोटे शिरली, तर बेत जुळला असे मानावे.

## शिंप्याकडून दुरुस्ती

तयार जीन्समध्ये काही दुरुस्त्या सोप्या असतात, तर काही जवळजवळ अशक्य असतात. लांबी कमी करणे, पाय निमुळते करणे आणि मागील मध्यजोड उसवून कंबर इंच-दीड इंच कमी करणे सहज जमते. कंबर त्याहून अधिक कमी केल्यास मागील खिसे एकमेकांजवळ येऊन घडण बिघडते. सीट किंवा मांडी सैल करणे कठीण असते. जीन्सच्या मुख्य जोडांत कापडाच्या कडा एकमेकींत दुमडून दुहेरी शिलाई घातलेली असते व आत जादा कापड राखलेले नसते. आसन वाढवणे तर होतच नाही. म्हणून शंका असल्यास सीट, मांडी व आसन यांना बसणारी जीन्स घ्यावी आणि कंबर व लांबी शिंप्यावर सोपवावी.

लांबी कापण्यापूर्वी जीन्स एकदा धुवून घेणे आवश्यक असते, अन्यथा नंतर ती आखूड होते. मूळ तळपट्टी कापून बाजूस ठेवून, लांबी कमी केल्यावर तीच पुन्हा जोडण्याची रीत शिंप्यांत प्रचलित आहे. त्यामुळे काठाचा झिजलेला रंग तसाच राहतो. डेनिमसाठी शिवणयंत्रास जाड सुई व जाड दोरा लागतो. पातळ सुई जाड जोडांवर मोडते.

## आरोग्य

फार घट्ट जीन्समुळे कंबरेच्या पुढील बाजूने मांडीकडे जाणारी संवेदी नस दाबली जाऊ शकते. तसे झाल्यास मांडीच्या बाहेरील भागास मुंग्या येतात, बधिरता किंवा आग जाणवते. या विकारास वैद्यकात ‘मेराल्जिया पॅरेस्थेटिका’ म्हणतात. कापडाचा दाब दूर केल्यावर तो बहुधा आपोआप बरा होतो. ऑस्ट्रेलियातील एका ३५ वर्षीय महिलेने अतिशय घट्ट जीन्स घालून तासन्‌तास उकिडवे बसून काम केल्यावर तिच्या पोटऱ्या सुजल्या व पायांतील नसांना इजा झाली. २०१५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात या घटनेची नोंद प्रसिद्ध झाली. ती महिला पुढे बरी झाली. पोटावर आवळलेल्या कंबरपट्टीमुळे जेवणानंतर आम्लपित्ताचा त्रास वाढू शकतो. घट्ट व जाड कापडात घाम साचून जांघेत बुरशीजन्य खाज होण्याचा संभव दमट हवेत अधिक असतो. सतत मुंग्या येणे किंवा पाय बधिर होणे सुरू राहिल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

## भारतातील स्थिती

जीन्सच्या इतिहासाशी मुंबईचा एक जुना दुवा आहे. इंग्रजीतील ‘डंगरी’ हा शब्द मुंबईतील डोंगरी या भागाच्या नावावरून आला, असे मानले जाते. तेथून जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाचे ते नाव होते. पुढे त्या कापडाच्या कामकरी पोशाखालाही तेच नाव पडले.

भारतात डेनिमचे मोठे उत्पादन १९८० च्या दशकात अहमदाबादच्या अरविंद मिल्सने सुरू केले. याच कंपनीने १९९० च्या दशकात ‘रफ अँड टफ’ या नावाने न शिवलेली जीन्स विकण्याचा प्रयोग केला. ग्राहकास कापड, चेन, बटण, रिव्हेट व चिठ्ठी यांचा संच मिळे आणि तो गावातील शिंप्याकडून आपल्या मापाने ती शिवून घेई. तयार कपड्यांची दुकाने नसलेल्या लहान गावांत जीन्स पोहोचवणे हा या प्रयोगाचा हेतू होता. मापांच्या दृष्टीनेही त्याचे महत्त्व आहे, कारण त्यात आधी ठरवलेला क्रमांक नव्हता. ज्याचे शरीर, त्याचेच माप, अशी ती रीत होती. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर हे जीन्स शिवण्याच्या लघुउद्योगाचे महाराष्ट्रातील एक प्रमुख केंद्र आहे.

भारतातील तयार कपड्यांसाठी दीर्घकाळ अमेरिका व ब्रिटन येथील मापांचे तक्ते थोड्याफार फरकाने वापरले गेले. भारतीयांच्या शरीराची स्वतंत्र मापे उपलब्ध व्हावीत म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या साह्याने ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला. देशाच्या निरनिराळ्या विभागांतील सहा शहरांत १५ ते ६५ वयोगटातील सुमारे २५,००० स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याची त्याची योजना होती. मुंबई हे या शहरांपैकी एक आहे. अशा पाहणीतून भारतीयांच्या कंबर, सीट, आसन व उंची यांचे परस्परप्रमाण समजले, तर मूळ बेतच त्यानुसार काढता येतील आणि आज शिंप्याकडे जाऊन करावी लागणारी दुरुस्ती काही अंशी कारखान्यातच टळू शकेल.